दोन बादल्या पाणी

"थांबा, किक मारू नका. मी आलो."

फाटकाची कडी वाजायच्या आधी हा आवाज यायचा. सकाळचे सहा, हातात ब्रश, तोंडात फेस आणि मी अंगणात स्वतःच्याच गाडीपासून दोन हात लांब उभा. आमच्या अमरावतीच्या मोहल्ल्यात मोटरसायकल असलेला प्रत्येक जण कधी ना कधी असा उभा राहिलेला आहे.

आवाज गाडीदुरुस्तीवाल्यांचा; सगळे त्यांना मिस्तरी म्हणायचे. मोटरसायकलच्या इंजिनात एक बारकी साखळी असते, टायमिंग चेन. ती झिजत झिजत ढिली होते. एक दिवस तुटली की आतले व्हॉल्व्ह वाकतात आणि गाडी भर रस्त्यात जागच्या जागी बसते. बदलायची कधी, एवढाच प्रश्न. कंपनीचं पुस्तक किलोमीटर सांगतं. मिस्तरींचा त्या पुस्तकावर भारी राग. "पुस्तकाले काय ठाव, तुमी कोन्या रस्त्यानं जाता?"

त्यांचं म्हणणं, रात्रभर उभ्या गाडीची पहिली किक ऐकायची. "थंडी गाडी खरं बोलते. गरम झाली का पावन्यासारखी गोड बोलते." म्हणून दुकानात आणलेल्या गाडीची चेन ते ऐकतच नसत. सकाळी स्वतः घरी येत. आधी इंजिनावर तळहात ठेवून ते थंड आहे का पाहायचं, मग डोळे मिटून म्हणायचं, "हं, मारा." चार-पाच श्वास ऐकलं की निकाल. "चालते" नाही तर "खोला". तिसरा शब्द नाही.

बसलेलं मी त्यांना कधी पाहिलंच नाही. चहा उभ्याने, पोहे चालता चालता. माझ्या बायकोने एकदा खुर्ची पुढे केली तर तिलाच म्हणाले, "तुमी बसा ताई, दमल्या असान." शेजारच्या मास्तरांची गाडी ऐकून झाल्यावर म्हणाले, "चेन ठीक हाय मास्तर, पन मोरीतल्या नळाचं वायसर गेलं तुमच्या." मास्तरांनी जाऊन पाहिलं तर खरंच गेलं होतं. असा कान.

मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. गावोगावचे लोक डॉक्टर म्हणतात, मीही आता दुरुस्त करत नाही. गाय अडली की फोन येतो आणि गाडी निघते. तीन वर्षांपूर्वी गाडी जरा किरकिरायला लागली म्हणून मिस्तरींना बोलावलं. पहिल्या दिवशी ते आले तर मी पहाटेच गावाला जाऊन आलो होतो. इंजिन गरम. "उद्या येतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "उद्या येतो." माझं डोकं फिरलं. लसीकरण तोंडावर आलेलं आणि हे आपले उद्या, उद्या करून राहिले.

तिसऱ्या दिवशीही पाचला गावाहून परतलो. सहाला मिस्तरी येणार. मी दोन बादल्या पाणी इंजिनावर ओतलं, फडक्याने पुसलं आणि ब्रश तोंडात घालून उभा राहिलो.

त्यांनी तळहात ठेवला. "ओली कावून हाय?"

"धुतली आताच."

"चालू नाई केली ना?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. मी किक मारली. "चालते," ते म्हणाले. "दिवाळीपावतर पाहू नका."

दिवाळीला दोन महिने असताना रिद्धपूरच्या अलीकडे चेन तुटली. पुढच्या गावात गाय अडलेली होती. वासराचे मागचे पाय आधी आलेले. कुणाच्या तरी गाडीवर बसून मी दीड तास उशिरा पोचलो. गाय वाचली, वासरू गेलं.

संध्याकाळी टेम्पोत घालून गाडी मिस्तरींच्या दुकानात आणली. चार माणसं उभी होती. खरं सांगायची तीच वेळ होती आणि मी काय बोललो? "तुमच्या भरवशावर राहिलो मिस्तरी, अन् तिकडं वासरू गेलं." मी थकलो होतो, चिडलो होतो. ही काही सबब नाही, हे मलाही कळतं.

ते एवढंच म्हणाले, "माह्या कानानं गेलं."

त्यानंतर तो माणूस ठिकाणावर राहिला नाही. "चालते" हा शब्दच त्यांनी टाकून दिला. सकाळी ऐकून जायचे, दुपारी पुन्हा यायचे, संध्याकाळी सांगायचे, "बदलूनच टाका." पोरं चिडवायची, "मिस्तरी, शोरूममधल्या गाडीची बी बदलता काय?" लोक हळूहळू दुसरीकडे जायला लागले. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. वर्षभरात दुकान बंद झालं आणि ते लेकीकडे अकोल्याला राहायला गेले.

मागच्या वर्षी प्रशिक्षणासाठी अकोल्याला गेलो, तेव्हा पत्ता काढून त्यांच्या दारात उभा राहिलो. ते बसलेले होते. मला ते पाहवेना. चहा संपेपर्यंतही दम निघाला नाही, सगळं सांगून टाकलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "गावाहून कितीक वाजता आल्ते?"

"पाचला."

"बादल्या किती?"

"दोन."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "म्हंजे कान बराबर होता."

"हो."

"लोकायच्या चांगल्या चेना काढून फेकल्या म्या. दुकान गेलं. त्या वासराचं वझं वाह्यलं. अन् तुमी रोज समोरून जाऊन राह्यले होते, डॉक्टर?"

मी माफी मागितली. ते उठून आत गेले. मला वाटलं, येतील. थोड्या वेळाने लेक बाहेर आली आणि खाली पाहत म्हणाली, "काका, बाबा म्हनतात, आता या तुमी."

या उन्हाळ्यात ते वारले. मोहल्ल्यातले सगळे एक गाडी ठरवून तेरवीला अकोल्याला निघाले. मास्तर मला हाक मारायला फाटकाशी आले होते. गावात गाय अडली आहे, निघतोच आहे, असं मी त्यांना सांगितलं आणि घरात बसून राहिलो.