चुलीत गेलेले माग

"नव्या यंत्रमागांची पूजा आहे, ये," असा सरोजाचा निरोप आला आणि मी निघाले. सरोजा माझी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातली मैत्रीण. सोलापुरात तिच्या घरी चार हातमाग. त्यांवरच्या चादरींवर अख्खं घर चालतं. निवृत्तीनंतर माणसानं शांत व्हावं म्हणतात. मला जमलेलं नाही.

पुण्याहून जाणार असाल तर सकाळची एसटी धरा आणि डावीकडे बसू नका, ऊन थेट तोंडावर येतं. मोहोळला चहा घ्या, भजी घेऊ नका. सोलापूरच्या स्टँडवर टांगेवाला दोन रुपये मागेल, एक द्या.

अंगणात मांडव होता. भात, आमटी, शेंगांची चटणी. वास सुरेख. मग चुलीकडे लक्ष गेलं. जळत होतं ते सागवान, आणि एका तुकड्याची कड हात लागून लागून गुळगुळीत झालेली. हातमागच फोडून घातले होते.

"भावजी, वीज आली?" मी सरोजाच्या नवऱ्याला, मल्लय्यांना विचारलं.

"येतीय की, अक्का. सायेब म्हनले, खांब आले की लगीच."

"आणि खांब कधी?"

"ते न्हाय सांगितलं."

"मग तोवर विणणार कशावर?"

त्यांचा धाकटा भाऊ हसला. "अक्कास्नी यंत्राची लई भीती."

भीती कसली? यंत्रमाग घ्यावेतच. पण हातमाग उद्याही मोडता येतो, जाळलेला परत उभा राहत नाही. मग आजच कशाला? जागाही भरपूर होती. शुभ दिवशी घरात जुनं नको, एवढंच कारण.

तीन माग गेले होते. धाकटा कुऱ्हाड घेऊन चौथ्याकडे वळला, तशी मी जाऊन त्या मागाच्या बैठकीच्या फळीवर बसले.

"उठा अक्का, पंगत बसलीय."

"माझं पान इथंच आणा."

पान सरोजानं आणलं. हळूच म्हणाली, "यावर मीच विणते गं."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी?"

मी जेवले. भात उत्तम शिजला होता, त्याचा आणखीच राग आला. शेवटी मल्लय्या भावाला म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्यो एक. ह्या काय उठत न्हाईत."

पुण्यात सगळे म्हणतात, महिन्याभरात वीज आली तर तुझं हसं होईल. होऊ दे. वीज आली तर तो माग कोपऱ्यात धूळ खाईल, आणि तरीही तो ठेवला हे बरोबरच असेल. नाही आली, तर त्या घरात निदान एक चादर विणली जाईल. राग आहे तो वेगळाच. ज्या मागावर सरोजा विणते, तो वाचवायला पुण्याहून बाई यावी लागली.