खापरावरची मोडी

अहो, ही फजिती मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, याचंच मला कौतुक वाटतंय! पण दुसऱ्या कुणाकडून ऐकलीत तर तो रंगवून सांगेल. त्यापेक्षा चहा घ्या आणि माझ्याकडूनच ऐका.

तर झालं असं, की लॉकडाऊनमध्ये मी मोडी लिपी शिकलो. आठ दिवसांचा ऑनलाइन कोर्स. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. आमच्या अख्ख्या दुबई सिलिकॉन ओएसिस वसाहतीत मोडी येणारा मी एकटा! मग मान जरा ताठ होणारच की नाही?

त्यात आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक महिन्यावर आली होती. मला ती खुर्ची हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? फार हवी होती! समोर उभे होते इक्बालभाई. माणूस रत्नागिरीचा, फुजैरा बंदरात जहाजांना माल पुरवायचा धंदा, आणि अडल्यानडल्याला मदतीला धावणारा. अशा माणसाला हरवायचं तर काहीतरी जबरदस्त करून दाखवायला हवं होतं.

आणि ते मला सापडलं महमूदच्या घरी.

महमूद म्हणजे आमच्या ऑफिसातला इजिप्तचा क्वालिटी मॅनेजर. त्याने जेवायला बोलावलं होतं. तो चहा करायला आत गेला आणि मी शेल्फवरचं एक खापर उचललं. मडक्याचा तळहाताएवढा तुकडा, त्यावर काळ्या शाईने लिहिलेल्या पाचसहा ओळी. वळणदार, एकात एक गुंतलेली, हात न उचलता लिहिलेली अक्षरं.

माझ्या अंगावर काटा आला. मोडी! इजिप्तच्या खापरावर मराठी!

आता तुम्ही म्हणाल, महमूदला विचारायचं ना. छे! विचारलं तर आपल्याला माहीत नाही, असं दिसत नाही का? मी गुपचूप फोटो काढला आणि चहा यायच्या आत मंडळाच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो. ‘मराठे नाईलपर्यंत पोहोचले होते! पुरावा हाती!’

अर्ध्या तासात ग्रुप पेटला. कुणी ‘गर्व आहे’ म्हणालं, कुणी भगवे झेंडे टाकले, कुणी व्याख्यानाची तारीखच ठरवली. फक्त इक्बालभाईंचा फोन आला.

“शिर्केसाहेब, आमच्या घरात जुने मोडी कागद आहेत. मोडीत आधी वर लांब रेघ मारतात, मग अक्षरं लिवतात. हितं रेघ दिसत नाय.”

“इक्बालभाई, लढाईच्या धामधुमीत माणूस रेघा मारत बसेल का?”

“आणि मग मडक्यावर कशाला लिवलंन?”

“कागद संपला असेल!”

ते ‘बरं’ म्हणाले. मला वाटलं, माणूस हरायला घाबरला.

घरी लेक म्हणाली, “बाबा, डिड यू इव्हन आस्क हिम?” तिला मी इतिहासाचं महत्त्व समजावून सांगितलं. ती हेडफोन लावून निघून गेली.

राहिलं वाचन. खरं सांगतो, पहिले दोन दिवस एक अक्षर लागेना. तिसऱ्या दिवशी मन घट्ट केलं आणि एका वेटोळ्यात मला ‘श्री’ दिसला. एकदा ‘श्री’ दिसला म्हटल्यावर पुढचं काय हो, भराभर दिसत गेलं.

व्याख्यानाला हॉल गच्च. मागे खापराचा भलामोठा बॅनर. त्याच्या छपाईला साडेतीनशे दिरहम, म्हणजे जवळजवळ आठ हजार रुपये, मी खिशातून घातले होते. पहिल्या रांगेत पाहुणा म्हणून महमूद, मांडीवर खापर घेऊन. त्याला एवढंच सांगितलं होतं, की तुझ्या खापरावर कार्यक्रम आहे. बिचारा सूट घालून आला होता.

मी वाचायला लागलो. “चिरंजीव सौभाग्यवती... इकडे उकाडा फार... सरदार रजा मंजूर करीत नाहीत... पुढल्या वर्षी नक्की येतो... लेकरांना जवळ घेणे...”

बायका पदराने डोळे पुसत होत्या. पंचवीस पंचवीस वर्षं इथे काढलेले बाप्ये खाली बघत होते. मीसुद्धा रुमाल काढला हो, खोटं नाही सांगत. अध्यक्षपद खिशात पडलं होतं!

मग सूत्रसंचालकाने महमूदला दोन शब्द बोलायला बोलावलं. तो भारावून गेला होता.

“हबीबी, थँक्यू! हे खापर म्युझियमच्या दुकानातलं, कॉपी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची आमची डेमॉटिक लिपी. सोबतच्या कार्डावर लिहिलंय, ही टॅक्सची पावती आहे. एका माणसाने मिठावरचा टॅक्स भरला, खलास!” त्याने छातीवर हात ठेवला. “पण मिठाच्या टॅक्ससाठी एवढे रडणारे लोक मी इजिप्तमध्येसुद्धा पाहिले नाहीत!”

कुणी हसेना. हसले असते तर बरं झालं असतं.

“आणि एक छोटीशी गोष्ट,” महमूद हळूच म्हणाला, “बॅनर उलटा लागलाय.”

तेव्हा मात्र हॉल कोसळला. बायका मघाच्याच पदरांनी आता हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत होत्या. मी माइकला धरून उभा! फक्त इक्बालभाई हसले नाहीत. उठून त्यांनी मला पाणी आणून दिलं, आणि मतं तिथेच त्यांच्या पदरात पडली.

निवडणुकीत मला तीन मतं. नाट्यविभाग मात्र माझ्याकडे एकमताने आला, विरोधात एक हात वर झाला नाही! नाव कुणी सुचवलं? माझ्या बायकोने. भर सभेत उभी राहून म्हणाली, “या माणसाच्या हातात मी किराणा मालाची यादी दिली, तरी तो त्यात स्वतःचं कौतुक वाचतो. याला नाटकंच लिहू द्या!”