पाहिलं कोणी?

डब्लिनला लेकाकडे येऊन मला बरीच वर्षं झाली. इथल्या आम्हा म्हाताऱ्यांची शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बैठक असते. चहा होतो, भजन होतं आणि मग फोनवर काय काय आलं ते एकमेकांना दाखवणं होतं. अमक्या पाल्याच्या रसाने साखर कायमची जाते, असं एक काका सांगत होते. मी विचारलं, "कुणाची गेली? पाहिलं कोणी?" काका म्हणाले, "मावशी, तुम्हाला पोलिसात घ्यायला हवं होतं." नंतर त्या रसाचं नाव त्यांनी काढलं नाही.

हा प्रश्न माझा नाही, आमच्या आईचा. गावात कुणी काही बातमी आणली की ती चुलीपुढून न उठता एवढंच विचारायची. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आणि मी, आम्ही दोघी त्यावरच वाढलो.

मागच्या हिवाळ्यात नातीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं. बातमी कुठून येते, कुणावर विश्वास ठेवायचा आणि का, हे लिहायचं होतं. तिने दोन वर्तमानपत्रं घेतली, एक चॅनल घेतलं, आणि मग मला विचारलं, "आजी, तुझा बेस्ट सोर्स कोण?" मी क्षणभरही न थांबता म्हटलं, अक्काची सून. ती गावाहून मला मेसेज करते. "पाऊस नाही. म्हैस व्याली. आईंचा डावा गुडघा सुजलाय, डॉक्टर म्हणाले शेक द्या." स्वतः बघितलं तेवढंच लिहिते आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणते. नातीने तेही प्रोजेक्टमध्ये घातलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी चहा ठेवला आणि फोन पाहिला. त्याच सुनेचा मेसेज होता. "मावशी, आई दुपारी गेल्या."

मी गॅस बंद केला आणि लेकाला उठवलं. तो वाचून तिथेच खुर्चीवर बसला आणि रडायला लागला. अक्काने त्याला लहानपणी सांभाळलं होतं. माझ्या सुनेने मला जवळ घेतलं. मला रडू आलं नाही. मला येत नाही. नवरा गेला तेव्हाही आलं नव्हतं, लोक बोलले होते.

लेकाने लॅपटॉप उघडून विमानं बघायला सुरुवात केली. मी म्हटलं, थांब जरा, आधी फोन लाव. त्याने लावला, लागला नाही. पुन्हा लावला, बंद. मी म्हटलं, हा मेसेज तिचा वाटत नाही. ती असती तर काय झालं, कुणी पाणी पाजलं, जवळ कोण होतं, हे लिहिलं असतं.

"आई, घरात माणूस गेल्यावर कोण एवढं लिहीत बसतं? तू काय दगड आहेस का?"

त्याचं चूक नव्हतं. मी मटार सोलायला घेतले, कारण हातांना काहीतरी हवं होतं. नात शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, पण तूच म्हणालीस ना, शी इज द बेस्ट." तेच तर मला खात होतं. ती खोटं लिहीत नाही. म्हणजे अक्का गेली. आणि मी इथे मटार सोलत होते.

मटार संपले आणि फोन वाजला. अक्काच्या सुनेचा व्हिडिओ कॉल. ती हुंदके देत होती. "मावशी, रागावू नका. आई आहेत. अंगणात उन्हाला बसल्या होत्या, डोक्यावर कावळा बसला."

लेकाला काही कळेना. मला कळलं. आमच्याकडे माणसाच्या डोक्यावर कावळा बसला की त्याचं मरण जवळ आलं म्हणतात. ते टळावं म्हणून तो मेल्याचा खोटा निरोप जवळच्या नातेवाइकाला धाडतात. नातेवाईक रडला की अरिष्ट गेलं. लहानपणी असा निरोप घेऊन माणूस पायी यायचा. घरातल्यांचं रडून झालं की तोच खरं सांगायचा आणि चहा पिऊन जायचा. इथे निरोप फोनने आला आणि खरं सांगायच्या आत त्यांच्याकडची वीज गेली, फोनचं चार्जिंग संपलं.

"मला नव्हतं पाठवायचं," सून म्हणाली. "आईंनीच हट्ट धरला. आणि म्हणाल्या, तिलाच पाठव, दुसऱ्या कुणाला नको. बाकीचे कशालाही रडतात. ती रडली तरच खरं."

मग पडद्यावर अक्का आली. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडली, तेव्हापासून ती फार वाळली आहे. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, डोळे भेदरलेले. आमच्या घरात ही कधी कुणाला भ्यायली नव्हती.

"लाज नाही वाटली?" मी म्हटलं. "माझं हार्ट बंद पडलं असतं म्हणजे?"

"तर बरोबर गेलो असतो. तेवढीच सोबत."

तो आवाज ऐकला आणि मला काय झालं कळलं नाही. सोललेल्या मटारांवर टपटप पाणी पडायला लागलं. मी फोन चटकन बाजूला फिरवला.

"रडलीस का ग?" अक्काने विचारलं. थट्टा नव्हती. तिला जगायचं होतं.

"रडले."

"तू? पाहिलं कोणी?"

मी काही बोलायच्या आत नातीने फोन आपल्याकडे ओढला. तिचं मराठी तुटकं आहे, पण ती मोठ्याने म्हणाली, "मोठी आजी, मी बघितलं. आजी खूप रडली."

अक्काने डोक्यावरचं फडकं सोडलं आणि सुनेला म्हणाली, "भूक लागली. भात टाक."

फोन ठेवल्यावर नात माझ्याकडे बघत राहिली. "आजी, पण तू आफ्टर रडलीस."

"कधी रडले, ते तिने विचारलं का?"

"नो. पण मग प्रोजेक्टमध्ये काय लिहू? बेस्ट सोर्समधून तिच्या सुनेचं नाव काढू?"

"राहू दे," मी म्हटलं.

लेकाने डोळे पुसले आणि लॅपटॉप मिटायला लागला. मी म्हटलं, मिटू नकोस, तिकीट काढ. तो म्हणाला, आई, मावशी ठीक आहे, आत्ताच बोललीस की तिच्याशी.

"फोनवर बोलले," मी म्हटलं. "अजून पाहिलं नाही."