दोन विहिणींची एक बुरशी

गल्लीत तिला सगळे बुरशीबाई म्हणत, आणि तिला त्यात काही गैर वाटत नसे. कुणाच्या पावावर हिरवा ठिपका उगवला की पाव फेकण्याआधी लोक तो तिला दाखवायला आणत. ती भिंग डोळ्याला लावून म्हणे, "वा, गोड आहे!" मग लोकांना तो पाव फेकायचीही चोरी होई.

ती बुरश्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होती, नवराही तिथेच, शेजारच्याच खोलीत. दोघांचा विषय एकच: पिशवीवाल्या बुरश्या. या बुरश्यांचे बीजाणू इवल्याशा पिशव्यांत तयार होतात. बहुधा एका पिशवीत आठ, शेंगेतल्या दाण्यांसारखे ओळीनं. पण यांतल्या कित्येक बुरश्या दुसरंही एक आयुष्य जगतात. तेव्हा पिशवी नाही, जोडीदार नाही, नुसती बीजाणूंची भुकटी वाऱ्यावर सोडायची. दोन्ही रूपं इतकी वेगळी की पूर्वी शास्त्रज्ञ त्यांना दोन नावं देऊन मोकळे होत. "एक सासरचं, एक माहेरचं," बुरशीबाई समजावून सांगे. पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांनी नियम केला की एका बुरशीला एकच नाव. तिथेच तिच्या घरात माशी शिंकली.

लग्न नवं होतं तेव्हा नवऱ्याला कुजक्या फांदीवर नारिंगी बुरशी सापडली होती, भातुकलीतल्या वाट्यांसारखी. कौतुकानं त्यानं तिला आपल्या आईचं नाव दिलं. बुरशीबाई कसली मागे राहते! ऑफिसच्या ओल्या भिंतीवरून तिनं राखाडी भुकटी खरवडली आणि तिला स्वतःच्या आईचं नाव ठेवलं. दोन्ही नावं एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आली. दोन्ही आया तेव्हा भडकल्या होत्या. "फूल नाही, फुलपाखरू नाही, बुरशी?" मग हळूहळू सवय झाली, आणि दिवाणखान्यात दोन बुरश्यांचे फोटो चौकटीत बसून शेजारी शेजारी लागले.

विहिणी राहायच्या एकाच घरात, सासूबाई वरच्या मजल्यावर, आई खालच्या. बुरशीबाई दोघींनाही "आई" म्हणे, त्यामुळे एक हाक मारली की दोघी ओ देत.

एकदा तिनं सहज गंमत म्हणून नवऱ्याच्या नारिंगी वाट्यांतले बीजाणू बशीत पेरले. वर आली ती तिची राखाडी भुकटी. तिनं पुन्हा पेरले. पुन्हा तेच. जनुकं तपासणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, या दोन नाहीतच. एकच आहे."

बुरशीबाई तशीच नवऱ्याच्या खोलीत गेली. "तुझी आई आणि माझी आई एकच निघाली."

तो खुर्चीत बसता बसता राहिला. "मग जुनं नाव टिकणार. नियमच आहे."

"दोन्ही एकाच दिवसाची आहेत."

"अरे देवा."

अशा वेळी नियम असा की जो कुणी पहिल्यांदा छापून निवड करील, त्याची निवड कायमची.

"तू निवड," नवरा म्हणाला.

"मी का? आधी वाट्या तुला सापडल्या."

"म्हणून तर म्हणतोय. मला याच घरात जेवायचंय."

बातमी जेवणाच्या टेबलावर फुटलीच. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "यात विचार काय करायचा? माझ्या पिशव्या आहेत. एकेकीत आठ लेकरं, शिस्तीत ओळीनं. नाहीतर काही जणींची, वाऱ्यावर सोडलेली."

"विहीणबाई," आई म्हणाली, "तुमच्या वाट्या जंगलात कुजक्या लाकडावर. मी गावभर भिंतींवर आहे. लोक मलाच ओळखतात."

मग लाडीगोडी सुरू झाली. एक पाय चेपायला येई, दुसरी न मागता चहा आणी. बुरशीबाईचं वजन वाढलं, पण निर्णय होईना.

तेवढ्यात एका सकाळी नवऱ्यानं पेपर मोठ्यानं वाचला आणि मध्येच जीभ चावली. सार्वजनिक स्नानगृहांच्या भिंती पोखरणारी, ओल्या मोज्यांसारखा वास सोडणारी बुरशी संस्थेतल्या दुसऱ्या विभागानं ओळखली होती. ती हीच.

आईनं पेपर ओढून बातमी पुन्हा वाचली.

"विहीणबाई," सासूबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "मी काय म्हणते, मान तुमचाच. मुलीच्या आईला कधी नव्हे तो मिळतोय."

"छे हो! वरमाईच्या आधी मी? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं काय घेऊन बसलात! ओळखतात ना ते तुम्हाला?"

दोघी आग्रह करून करून दमल्या. शेवटी बुरशीबाईनंच दुपारी बसून लिहून टाकलं. सासूबाईंचं नाव राहिलं. कारण शास्त्रीय दिलं: पिशव्या असलेल्या रूपावरून बुरशीचं कूळ चटकन कळतं. खरं कारण हे की आई समजून घेईल असं तिला वाटलं.

"सुटले बाई," आई म्हणाली, आणि दोन दिवस धड जेवली नाही.

"आई, तूच तर नको म्हणत होतीस!"

"म्हणत होते. आईनं नको म्हटलं की लेकीनं आग्रह करायचा असतो. ती तुझी सासू, मी नको म्हटलं तर केवढा आग्रह करत होती! आणि तू? लगेच ऐकलंस."

बीजाणूंच्या बाबतीत तिला कुणी असं कोंडीत पकडलं नव्हतं.

सासूबाई मात्र, नाव पक्कं झाल्यावर, एकदम बदलल्या. रिक्षा करून स्नानगृह बघून आल्या आणि गल्लीत सांगत सुटल्या, "काय पसरलेय! चारही भिंती!" ज्याच्या घरी ओल, त्याच्या घरी त्या चौकशीला जाऊ लागल्या.

आईनं कडक ब्रश आणि व्हिनेगरची बाटली आणली. खिडक्यांच्या चौकटी झाल्या, मोरी झाली. बुरशीबाईनं आपल्या बश्या गुपचूप संस्थेत हलवल्या.

रविवारी आई बाथरूमचा कोपरा दात-ओठ खाऊन घासत होती. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग कळवळून म्हणाल्या,

"विहीणबाई, जरा हळू. लागतं हो."

ब्रश थांबला. आईनं मागे वळून पाहिलं, कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

"कुठे?" तिनं विचारलं.

सासूबाईंनी भिंतीवर बोट ठेवून दाखवलं. आईनं तेवढा तुकडा सोडला आणि बाजूनं घासायला लागली.