कंपनीचे सोलर दिवे आणि बाजारातले सोलर दिवे

मंडळी, कंपनीच्या सोलर दिव्यांचं कौतुक माझ्यासमोर कुणी करू नका. कळंब्याच्या घरी बागेत चार कंपनीचे लावलेत, चार बाजारातले स्वस्तातले. स्वस्तातले रोज संध्याकाळी लागतात, कंपनीचे नुसते उभे.

आज त्यातला एक उपटून घेऊन दुकानात गेलतो. "लुटायचा धंदा हाय की तुमचा," म्हणून चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला नको नको ते बोललो.

त्यानं दिव्याच्या वरच्या सोलर काचेवरचं धुळकट प्लास्टिक सोललं. "पावणं, ऊन आत जाणार कुठनं?"

घरी येऊन बायकोवर ओरडलो, प्लास्टिक का काढलं नाहीस म्हणून. ती म्हणाली, "'स्वस्तातल्याचं काढ, महागाच्याला हात लावू नगंस,' असं तुम्हीच सांगितलं हुतं की."

दुकानदार सुटला, बायको सुटली. आता सांगा, एवढा राग काढू कुणावर?