सरजाबाईच्या मनगटावरचा गजर

"सितारामकडं घड्याळं लय, पर दोन घड्याळांची येळ एक न्हाई," असे गावात म्हणत. चुडावा स्टेशनाच्या अलीकडे उतरून आमच्या गावी कोणी पाहुणा आला, की चहाबरोबर हे वाक्यही त्याच्यापुढे ठेवले जाई. शेजारची कडूबाई त्यात आपली भर घाली. म्हणे, जन्म रेल्वेत गेला तरी याला येळ घावली न्हाई, अजून धुंडायलाय.

त्या बोलण्यात खोटे काही नव्हते. तीस वर्षे गँगमन म्हणून रुळांवर काढलेल्या सितारामच्या घरी ज्वारीच्या कणगीशेजारी स्टीलचा एक डबा असे. त्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलेली एकोणीस मनगटी घड्याळे होती. सगळी चावीची आणि सगळी गजराची. प्रत्येकाला दोन चाव्या, एक वेळेची आणि एक गजराची. लावलेल्या वेळी आतली इवलीशी हातोडी मागच्या झाकणावर आपटू लागे आणि मुठीत भुंगा सापडावा तसे घड्याळ मनगटावर थरथरे. जेमतेम पंधरा सेकंद.

लोकांना तो शौक वाटे. त्याची सुरुवात मात्र एका सुतळीपासून झाली होती.

सितारामची बायको सरजाबाई हिची श्रवणशक्ती लहानपणीच्या तापात गेली. ती शाळेतल्या मुलांसाठी खिचडी शिजवी. त्याआधी घरचे आवरायचे, म्हणून पाचला उठणे भाग असे, आणि सितारामची पाळी बहुधा रात्रीची. अंगाला हात लावून उठवलेले तिला सोसत नसे. ज्याला चाहूलच लागत नाही, त्याला झोपेत पडलेला हात घाला घातल्यासारखा वाटतो. तेव्हा तिनेच तोड काढली होती. पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधायची, दुसरे टोक खिडकीबाहेर सोडायचे आणि कडूबाईने शेणगोठ्याला उठल्यावर ते ओढायचे. चार वर्षे हे सुरळीत चालले. मग एकदा कडूबाईच्या सुटलेल्या शेळीने सुतळीला तोंड लावले. सरजाबाई उठली, अंगण झाडले, सडा घातला, चूल पेटवली आणि उजाडायची वाट पाहत बसली. उजाडायला चार तास अवकाश होता. सकाळी हापशावर, सरजाला शेळी उठविती, एवढीच चर्चा. ऐकू आले नाही तरी हसणारी तोंडे दिसतातच. तिने घरी येऊन सुतळी चुलीत घातली.

त्याच साली सिताराम खात्याच्या कामासाठी सिकंदराबादला गेला. तिथल्या बाजारात जुन्या घड्याळांच्या गाडीवाल्याने गंमत म्हणून एक घड्याळ त्याच्या हाताला बांधून वाजवले. आवाजापेक्षा हाताला झालेल्या गुदगुल्यांनी तो दचकला, आणि ते घेऊनच परतला. दुसऱ्या पहाटे सरजाबाई आपली आपण उठली, खुंटी दाबून गजर थांबवला आणि थेट कडूबाईच्या दारात गेली. पाच बोटे दाखवली, मग मनगट दाखवले. एवढे ताठ तिला कोणी कधी पाहिले नव्हते.

तीन वर्षांनी गजराची स्प्रिंग तुटली. परभणीत बसस्थानकाजवळ टपरीत बसणारे मुंजाजी हे जुन्या घड्याळांचे जाणकार. ते म्हणाले, "याचं सामान आता कुठं बनत न्हाई. याच जातीचं दुसरं आणा. एक मारल्याबिगर एक जगत न्हाई." तेव्हापासून सिताराम घड्याळे जमवू लागला. नांदेडच्या जुन्या बाजारातून, पेन्शनरांच्या कपाटांतून, आखातातून परतलेल्यांच्या पेट्यांतून. लग्नात गेला तरी त्याची नजर आधी म्हाताऱ्यांच्या मनगटांवर जाई. एकोणीस घड्याळांतली पंधरा सुट्या भागांसाठी पोखरलेली होती. उरलेल्या चारांच्या जिवावर सरजाबाईची पहाट होत होती.

तीन वर्षांपूर्वी ती दोन वेळा उशिरा उठली. सितारामने मान्य केले ते एकच, की गजर मंदावला आहे. मुंजाजींनी घड्याळ स्वतःच्या हाताला बांधून पाहिले आणि चांगले वाजतेय म्हणून सांगितले. सितारामला ते पटले नाही. हातोडी जोरात बसली पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्यासाठी चांगली चालणारी तीन घड्याळे त्याने एकामागून एक मुंजाजींपुढे उघडायला ठेवली. घड्याळ इतके जोरात वाजू लागले की ओसरीवर ऐकू येई. सरजाबाई झोपलेलीच.

मग एका दुपारी तिने उकळते पातेले उघड्या हाताने उतरवले आणि शांतपणे बाजूला ठेवले. फोड सितारामलाच आधी दिसले. परभणीच्या डॉक्टरांनी हाताला, तळव्यांना, मनगटांना टाचणी लावून पाहिली. साखर बरीच जुनी निघाली. हातापायांच्या नसा मेल्या होत्या, आणि त्या परत येत नाहीत, असे त्यांनी समजावून सांगितले. पुण्याहून मुलगी रेणुका थरथरणारा नवा पट्टा घेऊन आली. तो दंडावर बांधायचा म्हटले तर सरजाबाईने काढून ठेवला आणि मनगट पुढे केले. मनगटावर पट्टाही मुकाच राहिला. खिचडीचे काम तिने कोणी सांगण्याआधी सोडले.

परवा गावी गेलो होतो, तेव्हा हे सगळे सितारामने सांगितले, दुसऱ्या कोणाचे सांगावे तसे. पहिल्यांदा त्याने हलवून उठवले तेव्हा ती ओरडून भिंतीला जाऊन टेकली, आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसली. आता निवृत्त झालेला हा माणूस कुठल्याही गजराशिवाय पावणेपाचला जागा होतो आणि तिच्या मनगटाकडे पाहत बसतो. घड्याळ थरथरू लागले, की त्या पंधरा सेकंदांत तिच्या कोपराच्या वर, जिथे अजून कळते तिथे, एक बोट टेकवून काढून घेतो. ती डोळे उघडते, खुंटी दाबते, उठते. तिला ठाऊक आहे की नाही, हे त्याने विचारलेले नाही.

तो उरलेल्या एकुलत्या घड्याळाला चावी देत होता. कडूबाई उंबऱ्यात बसून सगळे ऐकत होती. तिने तपकिरीची चिमूट सोडून विचारले, "शेवटी बोटानंच उठवायचं, तर हे लोढणं कशाला? डब्यासगट भंगारात घाल की, सिताराम."

सितारामने मान वर केली नाही.

"बिघाड तिच्या हातात हाय, आक्का, घड्याळात न्हाई. हात दुरुस्त करणारा घावला तर सांगा. तवर गप बसा."