मिलनं नेलेले कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गावाकडच्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्याशी ओरडून बोलत नाही.

इच्छापोरच्या एका कारखान्यात मी चुनखडी दळतो. रंगात घालायची, पिठाहून कितीतरी बारीक. पूर्वी आडव्या ड्रमवर होतो. तिथे लोखंडी गोळ्यांचा असा गडगडाट की शेजारच्याशी खुणांनीच बोलायचं. मग दळायच्या नव्या यंत्रावर, मिलवर घेतलं. ती उभी टाकी – आत बारीक मणी, पाण्यात कालवलेली चुनखडी आणि सगळं घुसळणारा दांडा. ती नुसती घुमते. मणी झिजले की तिचा सूर बदलतो, आणि तो मला लांबूनही कळतो.

म्हणजे माझे कान शाबूत आहेत.

घरी हे कुणाला ठाऊक? बमरोलीच्या आमच्या दोन खोल्यांत बाबांचं आणि बायकोचं सतत वाजायचं. दोघंही मलाच मध्ये ओढायचे. एकदा म्हणून टाकलं – मिलनं माझे कान नेले. त्यात काय एवढं खोटं, असं वाटलं. जरा शांतता, बस.

मग ती दुपार. पहिली पाळी करून मी आडवा झालो होतो, बायको कामावर, मुलगी शाळेत. बाबांचे पाय तेव्हा धड चालत नव्हते. आतून त्यांची हाक आली – मला ते भाऊच म्हणायचे – "भाऊ, माले मोरीमा ली चाल."

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. पुन्हा हाक. पुन्हा. उठायचा कंटाळा – दुसरं कारण खूप शोधलं, सापडत नाही. मग ते पडल्याचा आवाज आला. तोही ऐकला. पण ज्याला ऐकू येत नाही तो माणूस लगेच कसा उठेल? म्हणून तसाच पडून राहिलो – बायको येऊन खांदा हलवेपर्यंत.

ती माझ्यावर चिडली. बाबा जमिनीवरूनच म्हणाले, "त्याले बोलू नको माय. त्याले आयकू येस नही."

त्यानंतर ते अंथरुणावरून उठले नाहीत. पावसाळ्याआधी गेले.

आता घरात कुणी भांडत नाही. मला काही सांगतही नाही. जेवायला बोलवायचं तर मुलगी दिव्याचं बटण दोनदा दाबते.

परवा ओट्यापाशी पाठमोरी असलेली बायको सवयीनं म्हणाली, "चहा टाकू का हो?" मग स्वतःशीच, "कुणाला विचारतेय मी."

तिनं एकच कप केला. मी बाहेर बसून ऐकत होतो.